त्या वर्षभराचं देणं

नागोयात काकुओझानच्या स्टेशनातून वर आलं की नित्ताइजी देवळाकडे जाणारा चढ लागतो. सयामच्या राजानं दिलेल्या बुद्धाच्या अस्थींसाठी १९०४ साली हे देऊळ उभं राहिलं. दर महिन्याच्या २१ तारखेला या चढावर बाजार भरतो. त्याच चढाला फुटलेल्या एका गल्लीत माझी खोली होती. वर मी, खाली घरमालकीण. जपानीत घरमालकाला ‘ओयासान’ म्हणतात, आणि मी त्यांना शेवटपर्यंत ओयासानच म्हटलं. त्यांचं माझ्यावर जे ऋण आहे ते एका यंत्रमानवांच्या मालिकेपायी झालं आहे. ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

२००५च्या जानेवारीत मी तिथं गेले. पुण्यात जपानी शिकले होते, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम मिळालं होतं. फेब्रुवारीत समुद्रात भर घालून बांधलेला नवा विमानतळ सुरू झाला, २५ मार्चला आइची एक्स्पो उघडलं. लग्नघरासारखं शहर होतं सगळं. मी मात्र वाईहून पळून आले होते. तेव्हा तसं कबूल करत नव्हते. नोकरी लागली, एवढंच सांगत होते.

वाईला दादा होता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दहावीला शाळेत पहिला आलेला, कृष्णेला पाणी चढलेलं असताना गणपती घाटावरून सूर मारणारा. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता, पण माझ्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि शेरखान आला की माझा हात दाबायचा. ती मालिका जपानात तयार झाली होती हे मला पुढे जपानी शिकताना कळलं. तोवर मोगली आम्हाला आपलाच वाटे. जंगल मध्य प्रदेशातलं, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

२००२ मध्ये दादा पुण्यातली नोकरी सोडून घरी आला आणि माडीवरच्या खोलीत जाऊन बसला. आधी आम्हाला वाटलं, दमला असेल. मग त्यानं खिडकी बंद केली. मग घाटावर जाणं सोडलं. मग जेवायला खाली येणं सोडलं. बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जायचा. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न करून द्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. आई ती चिठ्ठी गव्हाच्या डब्यात लपवून ठेवायची. आणि मी? मी एका दुपारी जिना चढून गेले आणि त्याला म्हणाले, “काय धाड भरलीये तुला? उठ की! तू असा नव्हतास.” तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्यानंतर चार महिन्यांनी मी नागोयाच्या विमानात बसले.

ओयासानच्या घराच्या दर्शनी भागाला कायम शटर ओढलेलं असे. पहिल्यांदा भाडं द्यायला खाली गेले तेव्हा त्या शटरमागे मांडण्या दिसल्या, आणि मांडण्यांवर धूळ पुसून ठेवलेले रंगीत खोके. खेळण्यांचं दुकान होतं ते. यजमान गेल्यावरही त्यांनी काही वर्षं चालवलं आणि मग बंद केलं. त्या खोक्यांतला एक त्यांनी माझ्या हातात दिला. वर पांढरा यंत्रमानव, हातात ढाल. “तीनशे येन,” त्या म्हणाल्या. “१९८०च्या जुलैत हा आला. शाळा सुटली की या गल्लीत रांग लागायची. मला या यंत्राचं नावसुद्धा नीट येत नव्हतं. मुलंच मला शिकवायची.”

तो गंडम होता. योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका एप्रिल १९७९ पासून नागोया टीव्हीवरून दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला दाखवली गेली. तेव्हा ती फारशी कुणी पाहिली नाही. ५२ भागांचा बेत होता, तो ४३ भागांत आटोपता घ्यावा लागला. मग पुनःप्रक्षेपणात मुलांनी ती उचलून धरली, जोडायच्या प्रतिकृती बाजारात आल्या, १९८१ आणि ८२ मध्ये तिचे तीन चित्रपट निघाले, आणि जी मालिका बंद पडली होती तिच्यामुळे ओयासानच्या दुकानाचं भाडं निघू लागलं. पुढच्या शनिवारी कुठलं यंत्र येणार, मुलं काय मागणार, हे आधी कळावं म्हणून त्यांनी व्हिडिओ रेकॉर्डर घेतला. दुकानदारीची गरज म्हणून सुरू झालेलं ते बघणं मग त्यांना सोडवेना. कॅसेटच्या कपाटात एकेका पेटीवर त्यांच्या बारीक अक्षरात तारखा होत्या.

“तुमची भाषा कारखान्यातली आहे,” एकदा त्या मला म्हणाल्या. “बोल्ट आणि सहनमर्यादा तुम्हाला येतात. माणसं घरात भांडतात ते येत नाही. शनिवारी खाली या.”

मी गेले. आधी ते तीन चित्रपट पाहिले. आमुरो हा पंधरा वर्षांचा मुलगा नाइलाजानं गंडम चालवू लागतो. युद्ध त्याला आवडत नाही, तो रुसतो, पळून जातो, परत येतो. ही मालिकाही काही गोडगोड नव्हती. माणसं तीतही मरतात, आणि आमुरोला ज्या मुलीनं खरं ओळखलं ती लाला त्याच्याच हातून मरते. पण शेवट असा आहे की आजही आठवला तरी मला भरून येतं. गंडम मोडलाय, किल्ला कोसळतोय, आमुरो एकटा लहानशा विमानात बसून बाहेर पडतो आणि दूरवर त्याच्या जहाजावरची सगळी माणसं एका बोटीत त्याची वाट बघत असतात. तीन लहान मुलं त्याला वाट दाखवतात. आपल्याला परत जायला जागा आहे हे कळून तो रडतो. मीही रडले. मला वाटलं, संपलं, छान झालं. ओयासान उठल्या आणि दुसरी कॅसेट काढली.

‘झेटा गंडम’ २ मार्च १९८५ ला सुरू झाली, तोमिनोंचीच, पन्नास भागांची. पहिल्या गोष्टीनंतर सात वर्षं उलटली आहेत. पहिल्यांदा जे जिंकले, ज्यांच्या बाजूनं आपण जीव मुठीत धरून बसलो होतो, त्यांनीच आता टायटन्स नावाची फौज उभी केली आहे आणि तिनं एका अख्ख्या अंतराळवसाहतीत विषारी वायू सोडून माणसं मारली आहेत. पहिल्या मालिकेतला मुखवटा घातलेला वैरी शार आता काळा चष्मा लावून, दुसरं नाव घेऊन, बरोबरच्या बाजूनं लढतो आहे. नायक कामीय सतरा वर्षांचा. आपलं नाव मुलीचं आहे या एका टोमण्यापायी तो पहिल्याच भागात एका सैनिकाला ठोसा लगावतो. तिसऱ्या भागात त्याची आई एका पारदर्शक कुपीत घालून अंतराळात सोडली जाते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मारली जाते. तिथून पुढे माणसं गळतच राहतात. फोर नावाची युद्धात अनाथ झालेली मुलगी येते. तिच्या डोक्याशी खेळ करून तिला हत्यार बनवलेलं असतं, आणि तुझ्या आठवणी परत देऊ या आमिषावर ती लढत असते. तिला स्वतःचं नावसुद्धा नाही, ‘फोर’ म्हणजे चौथी. किलिमांजारोपाशी ती कामीयला आडोसा देऊन मरते.

आम्ही दर शनिवारी साडेपाचला, दोन-दोन भाग बघायचो. मूळच्याच वेळेला लावायची असा ओयासानचा नेम होता. मला ते बघवत नव्हतं. एकदा मी म्हणाले, हे कशाला काढलं असेल? आधीचं किती चांगलं संपलं होतं. त्या म्हणाल्या, “त्या वेळी मुलंही हेच म्हणायची. पण ती दर आठवड्याला येत होती. १९८० मध्ये जी तिसरी-चौथीत होती ती आता आठवी-नववीत आली होती. त्यांचीही घरं तोवर बदलली होती ना.”

तेराव्या-चौदाव्या भागाच्या सुमारास आमुरो पुन्हा दिसतो. तेवीस वर्षांचा आहे. एका मोठ्या, सुंदर हवेलीत राहतो, नोकरचाकर आहेत, आणि ते सगळे त्याच्यावर पाळत ठेवायला आहेत. युद्ध जिंकून देणारा माणूस सरकारला मोकळा नको असतो. पण त्याहून वाईट हे, की तो स्वतःच आता अंतराळात जायला घाबरतो. लालाची आठवण तिथं आहे. एके दिवशी फ्राउ, त्याची बालमैत्रीण, पोटुशी असलेली, त्याला भेटायला येते. बरोबर ती तीन मुलं, ज्यांनी तेव्हा त्याला वाट दाखवली होती. त्यांतला कात्सु आता मोठा झालाय. तो आमुरोवर चिडतो. तुम्ही असे कसे बसून राहिलात, तुम्ही आमचे नायक होतात, अशा अर्थाचं बोलतो.

मी रिमोट उचलून चित्र थांबवलं. परक्या घरात, न विचारता. ओयासान काही बोलल्या नाहीत. चहा आणला, समोर ठेवला. मग मी त्यांना दादाचं सगळं सांगितलं. नागोयात कुणालाच सांगितलं नव्हतं. कारखान्यात विचारलं तर भाऊ इंजिनियर आहे म्हणायचे. माडी, बंद खिडकी, गव्हाच्या डब्यातली चिठ्ठी, आणि मी म्हणाले होते ते वाक्य. त्या वाक्याचं जपानी मला करता येईना. दुभाषी असून अडले. ‘धाड’ला काय म्हणायचं?

त्यांनी समजूत घातली नाही. तुमची काही चूक नाही, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्याकडे पुन्हा गेले नसते. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमच्याकडे जिंकलेल्या माणसांचं पुढं काय झालं, अशी गोष्ट नाही का?”

आहे की. माझी आजी महाभारत सांगायची ती युधिष्ठिराच्या राज्याभिषेकाशी थांबायची. पुढचं मौसलपर्व मी मोठेपणी वाचलं. यादव आपसात लढून संपलेत, कृष्ण गेलाय, आणि द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला वाटेत लुटारू गाठतात. त्याला गांडीव धड पेलत नाही, अस्त्रं आठवत नाहीत, त्याच्या डोळ्यांदेखत बायकांना पळवून नेतात. कुरुक्षेत्रावरचा अर्जुन. मी हे ओयासानना मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आजींनी हे सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवशी जिना वेगळ्या पावलांनी चढला असता.”

हे बोलणं लागलं मला. अजून लागतं. पण मला वाटतं, माझ्याशी कुणीतरी खरं बोलायची वेळ आली होती, आणि ते त्यांनी केलं.

शेवटचा भाग आम्ही २००६च्या फेब्रुवारीत पाहिला. मूळ तारीख २२ फेब्रुवारी १९८६, कॅसेटवर लिहिलेली. कामीयच्या जवळची माणसं एकेक करून गेलेली आहेत, कात्सुसुद्धा. सगळ्या मेलेल्यांचं बळ घेऊन तो आपलं यान शेवटच्या वैऱ्याच्या छातीत घुसवतो. तो वैरी मरता मरता त्याचं मन ओढून नेतो. मग कामीय पोकळीत तरंगणाऱ्या यानात बसून, शिरस्त्राणाची काच उघडून, लहान मुलासारखं बडबडतो. फा ही त्याची शेजारची मुलगी त्याला शोधत येते आणि तिला कळतं की तो कुठंतरी निघून गेलाय. मालिका तिथं संपते.

ओयासाननी टीव्ही बंद केला. म्हणाल्या, “त्या सोमवारी एक मुलगा दुकानात आला. नववीतला असेल, गणवेशात. आदल्या आठवड्यात नेलेला खोका परत घेऊन आला होता, न उघडलेला. पैसे परत नको म्हणाला. फक्त विचारलं, तो बरा होतो का? मी दुकानदार बाई. मला काय माहीत? मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नवी मालिका आहे, तीत कळेल.”

ती नवी मालिका ‘डबल झेटा’. १ मार्च १९८६ ला सुरू झाली. सुरुवातीला इतकी हसरीखेळती, की जणू मागच्या शनिवारी काही झालंच नव्हतं. नवा नायक, नव्या खोड्या. कामीय अधूनमधून दिसतो, कधी इस्पितळात, कधी खुर्चीत, आणि शेजारी फा. ती लढणारी मुलगी होती, तिनंही यान चालवलं होतं. ते सोडून ती त्याच्यापाशी राहते. गोष्ट पुढं जात राहते आणि ही दोघं तिच्या कडेला बसून असतात. सत्तेचाळिसाव्या, शेवटच्या भागात कुठं तो समुद्रकाठी धावताना दिसतो, फाबरोबर. बरा झालेला. दोन-चार चित्रं फक्त. ३१ जानेवारी १९८७. म्हणजे त्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागलं. “आला होता का तो परत?” मी विचारलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी तेवढ्यासाठी सत्तेचाळीसही भाग रेकॉर्ड केले. विचारायला आला तर दाखवता यावेत म्हणून.”

योगायोग असा की त्याच काळात तोमिनो झेटाचे तीन चित्रपट करत होते. पहिला मे २००५ मध्ये आला, तिसरा ४ मार्च २००६ ला. वीस वर्षांपूर्वीची चित्रं आणि नव्यानं काढलेली चित्रं एकत्र गुंफलेली. नावातच त्यांनी ‘नवा अनुवाद’ असं म्हटलं होतं, म्हणून मला, अनुवादावर पोट असणारीला, त्यांची जास्त ओढ. तिसरा आम्ही दोघींनी थिएटरात पाहिला. लढाई तीच, मरणं बहुतेक तीच. पण शेवटी कामीयचं मन शाबूत राहतं. तो यानाबाहेर येतो आणि पोकळीत फाला मिठी मारतो. आजूबाजूला माझ्याहून वयानं बरीच मोठी माणसं होती, चाळिशीकडे झुकलेली, कामावरून आलेली, आणि ती रडत होती. मीही. असंही होऊ शकतं, असं एकाच माणसानं वीस वर्षांनी स्वतःच्याच गोष्टीला सांगावं, याहून मोठं औदार्य मला माहीत नाही.

बाहेर थंडी होती. ओयासान बराच वेळ गप्प होत्या. स्टेशनाच्या जिन्यापाशी म्हणाल्या, “छान केलंय. पण मग फानं त्याच्यापाशी बसून काढलेलं ते वर्ष कुठं गेलं?”

मला तोमिनोंचा नवा शेवट आवडतो. तो लिहायचा हक्क त्यांचाच. पण आमच्या घरी तो शेवट उपलब्ध नव्हता. आमच्या घरी ते दुसरं होतं, कडेला बसून काढायचं वर्ष, आणि ते माझ्या वाट्याचं होतं. आई एकटी ते काढत होती.

मी जुलैत परतले. निघण्याआधी ओसूमधल्या जुन्या मालाच्या दुकानांतून पहिल्या तीन चित्रपटांपासून सगळ्यांच्या डीव्हीडी जमवल्या. निघताना ओयासाननी तो तीनशे येनचा खोका माझ्या पिशवीत ठेवला. पैसे विचारले तर म्हणाल्या, “हा कुणीतरी परत आणून दिलेला आहे. एकदा विकलेल्या मालाचे पैसे मी दोनदा कसे घेऊ?” कुणी, ते मी विचारलं नाही. गेली काही वर्षं त्या नाहीत. त्यांच्या भाचीनं पत्रानं कळवलं.

वाईला आल्यावर मी दादाला काही शिकवायला गेले नाही. माडीवर त्याच्या खोलीत लॅपटॉप लावायचे आणि मला बघायचंय म्हणून बघत बसायचे. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मी हळू आवाजात एकेक वाक्य मराठीत म्हणायचे, कारखान्यात म्हणायचे तसं. महिना-दीड महिना असाच गेला. मग एकदा तो कुशीवर वळला. मग उठून बसला. गोळ्या चालू होत्या, साताऱ्याला डॉक्टरांकडे जाणं चालू होतं, ते श्रेय ज्याचं त्याला. मी फक्त शेजारी बसून दुभाषीपणा करत होते.

हवेलीचा भाग आला तेव्हा मी पुढं ढकलणार होते. त्यानं हात धरला. फ्राउ येते, कात्सु ओरडतो, मी ते सगळं मराठीत सांगितलं, आवाज जमेल तितका स्थिर ठेवून. दादानं आमुरोकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, “हा आळशी नाहीये. घाबरलाय.” आणि थोड्या वेळानं, “पोरगं ओरडतंय ते पण घाबरूनच.”

शेवटच्या भागाच्या दिवशी पाऊस होता, वीज जात-येत होती. माझ्या मनात तो न दाखवायचं होतं, आईही नको म्हणाली होती. पण त्याला भाग मोजता येत होते, पन्नासावा राहिलाय हे त्याला माहीत होतं. लावला. कामीय बडबडू लागला तेव्हा मी त्याचं बोलणं मराठीत केलं नाही, आणि दादानंही विचारलं नाही. संपल्यावर तो कितीतरी वेळ काळ्या पडद्याकडे बघत होता. मग विचारलं, “हा बरा होतो का?”

“होतो,” मी म्हणाले. “पण पुढच्या मालिकेत. सत्तेचाळीस भाग आहेत, आणि तो त्यात फारसा दिसत नाही.”

तो उठला. “चहा ठेवतो मी,” म्हणाला. “तोवर तू लाव.”